लीडर नसशील त्या दिवसांचं काय

प्रिय बेटा,

तुझा मेसेज वाचला आणि उत्तर टाइप करता करता एवढं लांबलं की आता याला पत्रच म्हण. तू विचारलंस, मावशी, पेंचच्या जंगलातल्या कॅम्पला चाललो, बेस्ट लीडर व्हायला काय तयारी करू, आणि खाली व्हिडिओच्या लिंका टाकल्यास. खरं सांगते, एकच उघडला, त्यात एक सुटाबुटातला माणूस स्टेजवर येरझारा घालत ओरडून राहिला होता, बंद करून टाकला.

आधी साधा हिशोब कर. पाच दिवसांचा कॅम्प, गटात आठ-दहा पोट्टे-पोट्ट्या, आणि लीडर रोज बदलणार, काही ठिकाणी तर सकाळी एक आणि दुपारनंतर दुसरा. म्हणजे तुझ्या वाट्याला फार तर एक दिवस, नशीब खराब असलं तर अर्धाच. बाकी सगळा वेळ तू कोणाच्या तरी हाताखाली असणार, आणि तयारी मात्र सगळे त्या एकाच दिवसाची करून येतात! मग होते काय, की ज्याचा नंबर झाला तो दुसऱ्या दिवशीपासून सुटीवर गेल्यासारखा वागतो आणि ज्याचा यायचा आहे तो आजच्या लीडरच्या चुका मोजत बसतो. मी इतकी वर्षं कॅम्प घेऊन राहिले, इन्स्ट्रक्टर लोकांना पोरगं कसं आहे ते त्याच्या लीडरच्या दिवशी कमीच कळते, त्या दिवशी सगळेच चांगले वागतात. म्हणून मी तुला बाकीच्या चार दिवसांबद्दलच जास्त सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाच.

सकाळी ब्रीफिंग होते. कुठे जायचं, किती वाजता परत, कोणाकडे काय सामान. तेव्हा निम्मी पोरं बुटाच्या लेस बांधत असतात, कोणी मागे खुसखुस करते. तू ऐक. नाही कळलं तर तिथेच विचार, दोन किलोमीटर गेल्यावर नको. आणि ज्या पोराचा आज लीडरचा दिवस आहे त्याचा घसा सुकलेला असतो बाप्पा, घरी आईनं कधी गॅस बंद करायला सांगितला नसेल आणि इथे नऊ जणांना कामाला लावायचं. अशा वेळी एक जण जरी म्हणाला ना, हव, मी पाणी बघतो, तू पुढचं बोल, की त्याचा आवाज लगेच सुधारतो. हे मी किती वेळा डोळ्यांनी पाहिलं.

आता तो चुकीचं सांगून राहिला असं वाटलं तर? वाटेलच, कधी कधी खरंच चुकत असेल. तर त्याच्या जवळ जा, हळू सांग, एकदाच सांग, आणि नुसतं चूक आहे म्हणू नको, त्याऐवजी काय करता येईल ते पण सांग. त्यानं ऐकलं नाही तर त्याच्या पद्धतीनं पूर्ण मनापासून कर. तंबू वाऱ्याच्या दिशेनं तोंड करून लागला तर रात्री थंडी वाजेल एवढंच, डिसेंबरात नागपूरकडे पारा आठ-दहावर येतो, मरत नाही कोणी. पण तू अर्ध्या मनानं खुंट्या ठोकल्या आणि सकाळी "मी म्हटलंच होतं" केलं तर त्या गटाचे पुढचे दिवस गेलेच समज.

यात एक अपवाद आहे, आणि तिथे तुझी भीड चालणार नाही. सेफ्टी. दोरावर कोणी असताना, पाण्यात असताना, जंगलात असताना काही चुकीचं दिसलं तर लीडर कोण, सिनिअर कोण काही पाहायचं नाही, जोरात "स्टॉप" म्हणायचं. रॉक क्लाइंबिंगमध्ये चढणारा आधी विचारतो, ऑन बिले? म्हणजे माझा दोर नीट धरला का? खालून दोर धरणारा म्हणतो, बिले ऑन. मग चढणारा म्हणतो क्लाइंबिंग, खालचा म्हणतो क्लाइंब ऑन, आणि तेव्हा पाय उचलायचा. पहिल्या दिवशी पोट्ट्यांना हे नाटक वाटते, हसतात. पण मला विचारशील तर टीमवर्क यापेक्षा सोप्या पद्धतीनं शिकवताच येत नाही, दोघांनी एकमेकांना विचारून, उत्तर कानानं ऐकून मगच काम सुरू करायचं. आणि खालच्याचा ब्रेक हॅन्ड, म्हणजे दोर अडवून धरणारा हात, दोरावरून सुटायचा नाही, डास चावला तरी नाही. वरती चढणाऱ्याचा फोटो निघतो, खालच्याचा निघत नाही, तरी जीव त्या खालच्या हातात असतो.

जंगलाचंही तसंच. पेंचमधल्या सिल्लारीच्या बाजूला राहणार असाल तर ते वाघाचं जंगल आहे, अंधार पडल्यावर बाथरूमलाही दोघं मिळूनच जायचं, बडी म्हणजे ठरवून दिलेला जोडीदार, तोच. तुझा बडी तुला आवडत नसला तरी.

एक जुनी गोष्ट सांगते, यातली बरीचशी पद्धत तिथून आलेली आहे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक पोरांचा कॅम्प घेतला, स्काउटिंगची सुरुवात तीच. त्यानं काय केलं, पोरांचे चार छोटे गट पाडले, त्यांना पॅट्रोल म्हणायचे, वुल्फ, बुल, रेव्हन आणि कर्ल्यू, आणि प्रत्येक पॅट्रोलचा लीडर त्यातलाच एक मोठा मुलगा. शिवाय अर्धी पोरं महागड्या शाळांमधली आणि अर्धी साध्या कामकरी घरातली, मुद्दाम एकत्र केलेली. तुझ्याही गटात तेच होणार आहे बघ. धरमपेठचा एखादा असेल ज्याची सॅकच माझ्या महिन्याच्या किराण्याएवढी महाग, आणि एखादी गडचिरोलीकडून हॉस्टेलला आलेली पोरगी असेल जी पहिले दोन दिवस तोंड उघडणार नाही. तिसऱ्या दिवशी चूल पेटत नसली की तीच पेटवेल. तिला जंगल तुझ्यापेक्षा जास्त कळते हे तुला दिसायला तिसरा दिवस उजाडायची गरज नाही, पहिल्याच संध्याकाळी विचार की, तुला काय काय येते? मी पोरांना नेहमी हेच सांगते, नाव विचारल्यावर शाळा नका विचारू, काय येते ते विचारा.

आणि हो, स्वयंपाकाची ड्युटी आली की मुली कांदे चिरतात आणि मुलं "आम्ही लाकडं आणतो" म्हणून अर्धा तास गायब, हे दरवेळी होते आणि कोणाला ते चुकीचंही वाटत नाही. तू लाकडं आणायला जाऊ नको. कांदे चीर. भांडी घास. तर्री फक्त खाताच येते असं सांगून सुटका करून घेऊ नको.

चालण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण गट तिथेच फुटतो. आपण नागपूरकर म्हणजे सपाटीवरचे लोक, शहराची उंचीच तीनशे मीटरच्या आसपास, त्यामुळे रामटेकची टेकडी पण आपल्या पोरांना डोंगर वाटते. पहिल्या अर्ध्या तासात दोघं-तिघं सुसाट पुढे जातात, मधे चार-पाच, आणि मागे एक जण धापा टाकत. पुढचे थांबतात, पाणी पितात, बिस्किटं खातात, आणि मागचा पोचला रे पोचला की "चला आला, निघा". झालं! ज्याला आरामाची सगळ्यात जास्त गरज त्यालाच आराम नाही. मग तो आणखी मागे पडतो आणि सगळे म्हणतात याच्यामुळे उशीर झाला. अरे त्याच्यामुळे कसा, तुम्ही त्याला बसूच दिलं नाही! करायचं काय, तर सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढून दुसरा ठेवायचा, लीडच्या लगेच मागे, आणि पुढच्यानं त्याच्या चालीनं चालायचं. शेवटी एक दमदार माणूस, त्याच्या मागे कोणीच नाही. आणि थांबायचा वेळ शेवटचा पोचल्यापासून मोजायचा. त्याच्या सॅकमधलं काही जड असेल तर थांब्यावर उचलून आपल्यात टाकायचं, त्यावर भाषण न देता. हे करायला तू लीडर असायची गरजच नाही. लीडरच्या कानात सांग आणि श्रेय त्यालाच जाऊ दे.

आता तुझा तो एक दिवस. घाबरू नको, आदल्या रात्री टॉर्च लावून दहा मिनिटं बस. उद्या काय काय आहे, कोण दमलेलं आहे, कोणाचं पाऊल दुखते. नकाशा दिला असेल तर बघ, सर्व्हे ऑफ इंडियाच्या पन्नास हजाराच्या शीटवर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. वेळेसाठी १८९२ पासूनचा एक नियम गिर्यारोहक वापरतात, नैस्मिथचा, पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. पण तो धडधाकट माणसांसाठी आहे, तुमच्या गटाला त्यात भरपूर वेळ वाढवावा लागेल, बोरं दिसली की थांबणारे लोक तुम्ही. नकाशा स्वतःकडेच धरून बसू नको, एकाला दे, घड्याळ दुसऱ्याला दे, फर्स्ट एड तिसऱ्याला.

काम नाव घेऊन सांग. "कोणीतरी पाणी आणा" म्हटलं की कोणीच आणत नाही, सगळे एकमेकांकडे बघतात. "तू आणि ती, चार बाटल्या, साडेचारपर्यंत" म्हटलं की येतात. आणि सांगून झालं की तू मधे पडू नको, हे सगळ्यात अवघड आहे. खिंडसी तलावावर राफ्ट बांधायला देतात ना, रिकामे ड्रम, बांबू आणि दोर, तिथे हमखास दिसते. हुशार लीडर स्वतःच क्लोव्ह हिचची गाठ मारायला बसतो कारण त्याला चांगली येते, आणि त्याची मान खाली असते तेव्हा दोघं जण नुसते उभे असतात, एक जण रुसून बाजूला गेलेला असतो, आणि पलीकडचा ड्रम कोणी बांधलाच नाही हे पाण्यात गेल्यावर कळते. म्हणून गाठ दुसऱ्याला मारू दे, वाकडी बसली तर दाखव, पण हात लावू नको. आपल्याकडे भंडाऱ्यात चांगला वाढपी कसा असतो, त्याची नजर हातातल्या बादलीवर कमी आणि पंगतीतल्या रिकाम्या पत्रावळीवर जास्त, तसा तू उभा राहा.

१९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचं तेनसिंग आणि हिलरी सगळ्यांना पाठ असते. लीडर कोण होता विचार, वर्गातल्या किती जणांना येते बघ. जॉन हंट. शिखरावर तो गेलाच नाही. २६ मेला त्यानं आणि दा नामग्याल शेर्पानं पाठीवर सामान घेऊन सुमारे ८,३३० मीटरपर्यंत चढून तंबू आणि ऑक्सिजन वर ठेवला आणि दोघं उतरून आले. त्याच दिवशी पहिली जोडी, बर्डिलन आणि इव्हान्स, शिखराच्या साधारण शंभर मीटर खालून परत फिरली. हंटनं वर ठेवलेलं ते सामान नंतर आणखी वर नेऊन शेवटचा कॅम्प लागला आणि २९ मेला तेनसिंग-हिलरी पोचले. म्हणजे मोहिमेचा प्रमुख ऐन महत्त्वाच्या दिवशी हमाली करत होता, मला या सगळ्या गोष्टीत तेच जास्त आवडते. फार लांबचं वाटत असेल तर आपल्या शेजारचं घे, २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच आदिवासी मुलं-मुली मिशन शौर्य नावाच्या मोहिमेतून एव्हरेस्टवर पोचली. टीम त्या पाचांपेक्षा मोठी होती. जे वर पोचले नाहीत तेही तेवढंच ट्रेनिंग करून, तेवढीच थंडी खाऊन आले होते.

तिसऱ्या दिवशी भांडणं होतील, तयार राहा. १९६५ साली टकमन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं गटांचे टप्पे मांडले होते, आधी ओळख, मग वादावादी, मग बस्तान बसते आणि मग कुठे काम चांगलं होते. पहिल्या दोन दिवसांतलं गोडगोड म्हणजे टीम नव्हे, तेव्हा कोणी कोणाला ओळखतच नसते. भांडण झालं म्हणून गट वाया गेला असं समजू नको, फक्त मनात दाबून ठेवू नका, रात्रीच्या रिव्ह्यूत, म्हणजे दिवसभराचं बोलायला सगळे बसतात तेव्हा, बोलून टाका. रिव्ह्यूत बोलताना घडलं ते सांग. "तू बेजबाबदार आहेस" म्हटलं की समोरचा ऐकायचं बंद करतो. "दुपारी दोर ओला राहिला आणि आम्ही अर्धा तास बसून होतो" म्हटलं तर त्याला काही करता येते. आणि तुझ्याबद्दल कोणी बोललं तर लगेच सफाई देऊ नको, निदान त्याचं वाक्य तरी संपू दे.

ट्रस्ट फॉल नावाचा एक प्रकार करून घेतील, डोळे मिटून मागे पडायचं आणि बाकीचे झेलतात. इन्स्ट्रक्टर सांगतील तसा नीट कर, पण मला तो फारसा पटत नाही. ज्यानं काल तुझी बाटली न सांगता भरून आणली त्याच्यावर विश्वास बसतो, टाळ्या वाजवून झेलणाऱ्यावर बसतोच असं नाही. हे तिथे कोणाला सांगू नको, मावशी असं म्हणते म्हणून, मला पुढच्या वर्षी तिथेच जायचं आहे.

नवे बूट घेऊ नको, जुनेच घाल, घ्यायचेच असतील तर आजच घे आणि रोज फुटाळा तलावाला चक्कर मार घालून. स्वेटर दोन ने. टॉर्चचे सेल जास्तीचे ठेव, कोणीतरी मागणारच. फोन पहिल्याच दिवशी जमा करून घेतात हे आईला आधीच सांगून ठेव, नाहीतर ती रोज रात्री मलाच फोन करून विचारत बसेल की पोरगं जेवलं का.

तुझी,
मावशी