डीआरटी वाशीतून लीड्सला यायचं म्हणतेस, त्याबद्दल

ताई म्हणून विचारलंस म्हणून सरळ अगंतुगंच करते, राग मानू नकोस. तुझं म्हणणं थोडक्यात असं, की ऐरोलीला राहतेस, सहा वर्षं वाशीच्या डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरण) बँकेच्या पॅनलवरच्या सिनियरकडे सरफेसीची (बँकेने तारण ताब्यात घ्यायच्या कायद्याची) मॅटर्स करतेस, मधूनमधून कफ परेडला एनसीएलटीत (कंपनी न्यायाधिकरण) उभी राहतेस, चार वर्षांची मुलगी आहे, आणि आता लंडनला एलएलएम (कायद्यातलं मास्टर्स) करून तिकडेच बँकिंग-इन्सॉल्व्हन्सीत (बँकांची कर्जं आणि दिवाळखोरी) शिरायचंय. मग प्रश्न हे की एलएलएम लागतं का, आयबीसीचा, म्हणजे आपल्या दिवाळखोरीच्या कायद्याचा, अनुभव तिकडे कोणी मोजतं का, आणि लंडन सोडून इतर शहरांत हे काम असतं तरी का.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण माझ्या मते तुझं उत्तर तिथेच आहे. मी नौपाड्याची, २०१६ ला नवऱ्याच्या डिपेंडंट व्हिसावर लीड्सला आले, इथे परीक्षा देऊन सॉलिसिटर झाले आणि आता एका मधल्या आकाराच्या फर्मच्या बँकिंग आणि रिस्ट्रक्चरिंग (अडचणीतल्या कंपन्यांची कर्जं निस्तरणाऱ्या) टीममध्ये आहे. येताना माझ्याही डोक्यात लंडनच होतं. पण तू असं धर, लंडन म्हणजे नरिमन पॉइंट आणि बीकेसी, आणि लीड्स, मँचेस्टर, बर्मिंगहॅम, ब्रिस्टल, न्यूकॅसल म्हणजे ठाण्याची वागळे इस्टेट आणि नवी मुंबईतली टीटीसी एमआयडीसी. म्हणजे इथला क्लायंट हा पाच देशांतून बाँड काढणारी कंपनी नसून दोनशे माणसं कामाला असलेला पॅकेजिंगचा कारखाना, केअर होम चालवणारी कंपनी, ट्रकवाला, बिल्डर असा असतो, आणि त्याला कर्ज देणारी बँक असते. ती बँक बुडाली तर नाही, पण तो कारखाना अडचणीत आला की सगळं आपल्या टेबलावर येतं. तू आत्ता जे करतेस ते याच जातीचं काम आहे.

आणि प्रादेशिक म्हणजे दुय्यम असं अजिबात समजू नकोस. मोठ्या लॉ फर्म्सच बघ, ॲडलशॉ गोडार्डची मुळं लीड्स आणि मँचेस्टरची, डीएलए पायपरमधलं डिब लप्टन यॉर्कशायरचं, ऑस्बॉर्न क्लार्क, टीएलटी आणि बर्जेस सॅमन ब्रिस्टलच्या, वॉकर मॉरिस लीड्सची, वॉर्ड हॅडवे न्यूकॅसलची. २०१७ पासून बिझनेस अँड प्रॉपर्टी कोर्ट्स लंडनबाहेरही आहेत, लीड्स, मँचेस्टर, बर्मिंगहॅम, ब्रिस्टल, कार्डिफ, लिव्हरपूल, न्यूकॅसल, त्यामुळे इन्सॉल्व्हन्सीचं मोठं मॅटर चालवायला दर वेळी लंडन गाठावं लागत नाही. लीड्समध्ये बँक ऑफ इंग्लंडचं ऑफिस आहे, एफसीएचं (वित्तीय कंपन्यांवरचा नियामक) आहे, नॅशनल वेल्थ फंड हा सरकारी गुंतवणूक निधी इथेच आहे, बिल्डिंग सोसायट्या (घरकर्ज देणाऱ्या सभासदांच्या संस्था) तर लीड्स, ब्रॅडफर्ड, स्किप्टन अशा आजूबाजूलाच.

आता आयबीसी चालतं का. कायदा म्हणून थेट नाही, पण डोकं म्हणून शंभर टक्के चालतं. आपल्या कोडमधल्या बऱ्याच कल्पना इथल्या इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट १९८६ शेजारी ठेवून वाच, ओळखीचे चेहरे दिसतील. आपलं कलम ४३ चं प्रेफरन्स (बुडण्याआधी एखाद्याच धनकोला दिलेलं झुकतं माप) म्हणजे इथलं २३९, फक्त मागे बघायची मुदत वेगळी, आपल्याकडे रिलेटेड पार्टीला दोन वर्षं आणि इतरांना एक, इथे कनेक्टेडला दोन वर्षं आणि इतरांना सहाच महिने. आपलं ६६ (फसवून किंवा बेजबाबदारपणे धंदा चालवणं) म्हणजे इथलं २१३ आणि २१४. आयबीसीच्या कलम १४ च्या मोरॅटोरियमचा (दावे आणि वसुलीला तात्पुरती बंदी) इथला भाऊ म्हणजे ॲडमिनिस्ट्रेशनमधला, म्हणजे अडचणीतली कंपनी बाहेरच्या ॲडमिनिस्ट्रेटरच्या हाती देतात तेव्हाचा, मोरॅटोरियम.

पण एक मोठा फरक आहे आणि तो समजून न घेता इंटरव्ह्यूला बसू नकोस. आपल्याकडे कलम ७ चा (बँकेने करायचा दिवाळखोरीचा) अर्ज ॲडमिट व्हायलाच तारखांवर तारखा, सगळं एनसीएलटीपुढे, आणि निर्णय कमिटी ऑफ क्रेडिटर्सच्या, म्हणजे धनकोंच्या समितीच्या (सीओसी), ६६ टक्क्यांवर. इथे ज्या बँकेकडे योग्य फ्लोटिंग चार्ज (कंपनीच्या रोज बदलणाऱ्या मालमत्तेवरचं तारण) आहे ती कोर्टात सुनावणी न होता, फक्त नोटिसा आणि कागद फाईल करून ॲडमिनिस्ट्रेटर नेमू शकते. आणि तो ॲडमिनिस्ट्रेटर, जो बहुतेक वेळा अकाउंटंट असतो, तो कंपनी चालवायची की विकायची हे बऱ्याच अंशी स्वतः ठरवतो, क्रेडिटर्स त्याच्या प्रस्तावावर मत देतात पण आपल्या सीओसीसारखं व्यावसायिक शहाणपण गाजवत बसत नाहीत. त्यामुळे वकिलाचं काम उभं राहून आर्ग्यू करण्याचं कमी आणि रात्री अकरा वाजता सेल ॲग्रीमेंट फायनल करण्याचं जास्त. तुला कोर्टात उभं राहायलाच आवडत असेल तर आधी मनाशी विचार कर, कारण हे काम बसून लिहायचं आहे.

सगळ्यात जास्त काय करावं लागतं ते सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. कंपनी ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेली की ॲडमिनिस्ट्रेटर पहिल्याच आठवड्यात विचारतो, बँकेची सिक्युरिटी वैध आहे का. याला सिक्युरिटी रिव्ह्यू म्हणतात आणि ज्युनियरचा अर्धा जन्म यात जातो. डीड नीट सही झालंय का, साक्षीदार होता का, चार्ज कंपनीज हाऊसमध्ये (इथलं कंपनी नोंदणी कार्यालय) २१ दिवसांत रजिस्टर झाला का. आपल्याकडे आरओसीला (कंपनी निबंधक) ३० दिवस, त्यानंतरही जास्त फी भरून आणखी काही दिवस मिळतात, इथे २१ दिवस चुकले की मुदत वाढवायला कोर्टाकडेच जावं लागतं, आणि नाही मिळाली तर लिक्विडेटर आणि ॲडमिनिस्ट्रेटरविरुद्ध तो चार्ज शून्य. मग बघायचं की कागदावर फिक्स्ड चार्ज (ठरावीक मालमत्तेवरचं तारण) लिहिलाय तो खरंच फिक्स्ड आहे का. २००५ च्या स्पेक्ट्रम प्लस निकालात हाऊस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की बुक डेट्सवर (कंपनीला ग्राहकांकडून येणे रकमा) नुसतं फिक्स्ड असं लेबल लावून भागत नाही, वसुलीच्या पैशांवर बँकेचा खरा ताबा पाहिजे. हा निकाल वाचूनच ये, प्रत्येक फायलीत याचा संबंध येतो.

फिक्स्ड की फ्लोटिंग यावर एवढा जीव का टाकतात तर पैशांचा प्रश्न आहे. फ्लोटिंग चार्जच्या पैशांतून आधी खर्च, मग कामगारांची ठरावीक देणी, मग १ डिसेंबर २०२० पासून व्हॅट आणि पगारातून कापलेल्या करासाठी एचएमआरसी (इथलं करखातं), मग अनसिक्युअर्ड (तारण नसलेल्या) क्रेडिटर्ससाठी राखून ठेवायचा वाटा, जो ६ एप्रिल २०२० नंतरच्या चार्जना जास्तीत जास्त आठ लाख पौंड, आणि मग बँक. तुला इथे लगेच रेनबो पेपर्स, सरकारी कराच्या देण्यावरचा आपल्या सुप्रीम कोर्टाचा निकाल, आठवला असेल. सरकारचं देणं रांगेत कुठे उभं करायचं हा वाद तू आपल्याकडे २०२२ पासून जगते आहेस, तेव्हा इंटरव्ह्यूत हा विषय निघाला तर दोन्हीकडची तुलना शांतपणे मांड. समोरच्याला त्यातून कळतं की ही मुलगी नुसती कलमं पाठ करून आलेली नाही.

सरफेसीचंही तसंच. तू १३(२) ची साठ दिवसांची नोटीस, १३(४) खाली ताबा, मग त्याच कायद्याच्या कलम १४ ची ऑर्डर घेऊन तहसीलदाराबरोबर पझेशनला उभी राहिली आहेस. इथे व्यावसायिक मालमत्तेवर आणि भाड्याने दिलेल्या घरांवर कर्ज थकलं की बँक १९२५ च्या लॉ ऑफ प्रॉपर्टी ॲक्टखाली आणि मॉर्गेज डीडमधल्या अधिकाराने रिसीव्हर नेमते, त्याला एलपीए रिसीव्हर म्हणतात, तो भाडं गोळा करतो किंवा मालमत्ता विकतो, कोर्ट लागत नाही. कोर्टाबाहेरची वसुली म्हणजे काय आणि त्यात कर्जदार कुठे कुठे आडवा येतो हे तुला अंगवळणी पडलंय, इथल्या ज्युनियरना ते पुस्तकातून शिकावं लागतं.

शब्दांपासून मात्र सावध राहा. मला पहिल्याच महिन्यात पार्टनरने फायलीतलं डिबेंचर पाठव म्हणून सांगितलं आणि मी डिबेंचर सर्टिफिकेट आणि ट्रस्ट डीड शोधण्यात अर्धा दिवस घालवला, कारण आपल्याकडे डिबेंचर म्हणजे कर्जरोखा. इथे बँकिंगच्या टीममध्ये डिबेंचर म्हणजे कंपनीच्या सगळ्या मालमत्तेवर फिक्स्ड आणि फ्लोटिंग चार्ज देणारं सिक्युरिटीचं डॉक्युमेंट. तसंच टायटल डीड्स बँकेत जमा करून इक्विटेबल मॉर्गेज, जे आपल्याकडे रोजचं आहे, ते इथे नुसत्या डीड्स ठेवून होत नाही, १९८९ च्या कायद्यानंतर लेखी आणि सह्या केलेला करार लागतोच. आणि बायकोने नवऱ्याच्या धंद्याच्या कर्जासाठी राहतं घर तारण दिलं असेल तर तिला स्वतंत्र वकिलाचा सल्ला मिळाला होता का हे बघायचं, त्यावर २००१ चा एट्रिजचा निकाल आहे. तो वाचताना मला आपल्याकडच्या किती गॅरेंटर बायका आठवल्या, ज्यांना आपण कशावर सही केली हे पझेशनची नोटीस दारावर लागल्यावर कळलं. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो.

आता एलएलएम. माझं स्पष्ट मत, सॉलिसिटर होण्यासाठी ते लागत नाही, आणि तुझ्या परिस्थितीत तर करूच नकोस. फी आणि राहणं धरून तीस लाख सहज जातात, त्यातून सॉलिसिटर होता येत नाही, आणि जानेवारी २०२४ पासून नेहमीच्या मास्टर्सच्या स्टुडंट व्हिसावर नवरा-मुलांना आणता येत नाही, म्हणजे मुलगी तिकडे आणि तू इकडे. कन्सल्टंट हे शेवटच्या मीटिंगपर्यंत बोलत नाहीत. ज्याला शिकवायचं किंवा संशोधन करायचंय त्याने जरूर करावं.

तुला लागते ती एसक्यूई, म्हणजे इथली सॉलिसिटर होण्याची परीक्षा. मी दिली ती क्यूएलटीएस (परदेशी वकिलांसाठीची जुनी परीक्षा) होती, ती २०२१ मध्ये बंद होऊन ही आली. पहिल्या भागात दोन पेपर, प्रत्येकी १८० बहुपर्यायी प्रश्न, आणि हा भाग भारतात राहूनही देता येतो. दुसऱ्या भागात १६ प्रात्यक्षिकं, १२ लेखी आणि ४ तोंडी, तोंडीसाठी इकडे यावं लागतं. दोन्हीची फी मिळून पाच हजार पौंडांच्या आसपास, क्लासचे वेगळे. तू आधीच सनदधारक वकील असल्यामुळे दोन वर्षांच्या कामाच्या अनुभवाची अट तुला नाही, आणि अनुभव दाखवून दुसऱ्या भागातून सूट मागता येते, अर्ज जरूर कर पण मिळेलच असं धरून बसू नकोस. पहिला भाग हलक्यात घेऊ नकोस, बऱ्याच वेळा बसलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपासच पास होतात, आणि त्यात फौजदारी, वसीयतनामे, जमिनीचा कायदा सगळं येतं, म्हणजे जे तू कॉलेजनंतर उघडलं नाहीस ते. नोकरी सांभाळून आठ-दहा महिने तरी दे. ट्रान्स हार्बर लोकलला बसायला मिळतं तेव्हा रोज तीस प्रश्न सोडव, हे मी मनापासून सांगते, तुकड्यातुकड्यानेच होतो हा अभ्यास.

व्हिसा हा सगळ्यात कठीण भाग आहे आणि इथे मला तुला खोटी आशा दाखवायची नाही. मी डिपेंडंट म्हणून आले, त्यामुळे फर्मला माझ्यासाठी स्पॉन्सरशिप करावी लागली नाही, तुला लागेल. जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्करला साधारणपणे किमान ४१,७०० पौंड पगार किंवा त्या पेशाचा ठरलेला दर, यातला जो जास्त तो लागतो, आणि कामाची पातळीही पदवीपर्यंत नेली आहे, त्यामुळे आधी पॅरालीगल (वकिलांचा मदतनीस) म्हणून घुसू आणि मग बघू हा जुना रस्ता आता धरू नकोस. वर हेल्थ सरचार्ज माणशी वर्षाला १,०३५ पौंड, मुलांना थोडा कमी, आणि तो सगळ्या वर्षांचा आगाऊ. नियम सारखे बदलतात, तेव्हा पैसे भरायच्या दिवशी सरकारी वेबसाइट स्वतः उघडून बघ. कोणत्या फर्मकडे स्पॉन्सर लायसन्स आहे त्याची यादी तिथेच खुली आहे, ती उतरवून लीड्स, मँचेस्टर, बर्मिंगहॅमच्या फर्म्स गाळून घे आणि ज्यांच्याकडे रिस्ट्रक्चरिंगची टीम आहे त्यांनाच लिही.

पगार लंडनच्या मोठ्या अमेरिकन फर्म्सच्या निम्माही नसतो हे खरं. पण घरभाडं बरंच कमी, संध्याकाळी मुलगी जागी असताना घरी पोचता येतं (डील बंद होतं तो आठवडा सोडून), आणि लंडनला जायचं झालं तर ट्रेनने सव्वादोन तास. सरकारी शाळा फुकट आहे, चार पूर्ण झाली की पुढच्या सप्टेंबरात रिसेप्शनला घेतात, तेव्हा तुझ्या मुलीचं त्या बाजूने जमेल.

आता लगेच करायच्या गोष्टी. बार कौन्सिलकडून गुड स्टँडिंगचं सर्टिफिकेट मागव, आणि इकडे पगारी नोकरी लागली की सनद रीतसर सस्पेंड करायला विसरू नकोस, पगारी नोकरी करताना प्रॅक्टिस चालू दाखवता येत नाही. मॅटर्सची एक यादी कर, क्लायंटचं नाव न घेता, कर्ज किती, तारण काय, तू स्वतः काय ड्राफ्ट केलंस, शेवटी वसुली किती झाली. आणि सीव्हीत कलम ७, सीओसी, १३(४) असं नुसतं लिहू नकोस, समोरच्याला त्यातलं काही कळणार नाही, बँकेच्या वतीने कोर्टाबाहेर तारण मालमत्तेचा ताबा घेऊन विक्री केली असं सरळ लिही. यादी आणि सीव्ही तयार झाले की मला पाठव, रविवारी वाचून देते.