होमेज आणि फीअल्टी: दोन्ही म्हणजे 'निष्ठा'च का?

युरोपच्या मध्ययुगाबद्दल वाचताना सरदार आणि त्याला जमीन देणारा धनी यांच्या नात्यासाठी 'होमेज' आणि 'फीअल्टी' हे शब्द जोडीने येतात आणि मराठीत दोन्हींसाठी 'निष्ठा' लिहिलं जातं. मग दोन शब्द कशाला, असा तुमचा प्रश्न आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतला फरक कळला की त्या काळातली कितीतरी भांडणं उलगडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

होमेजच्या मुळाशी लॅटिन 'होमो' म्हणजे माणूस आहे. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाचा अर्थ कुणाचा तरी माणूस होणं. 'तो अमक्याचा माणूस आहे' असं आपण म्हणतो तेच, पण तिथे त्याला कायद्याचं बळ होतं. फीअल्टी आली लॅटिन 'फिदेलितास'वरून आणि त्याचं मूळ 'फिदेस', म्हणजे विश्वास. मराठीत याला मी 'इमान' म्हणेन, कारण अरबीतून आलेल्या त्या शब्दाचा मूळ अर्थही श्रद्धा, विश्वास असाच आहे. होमेजला मात्र मराठीत नेमका शब्द नाही. 'मुजरा' म्हटलं तर नुसतं लवणं उरतं, त्यामागचा करार निसटतो.

तो करार कसा व्हायचा याचं सुरेख वर्णन गाल्बेर नावाच्या ब्रूजच्या लेखनिकाने करून ठेवलं आहे. 1127 मध्ये फ्लँडर्सचा (आजच्या बेल्जियमच्या भागातला प्रांत) काउंट, म्हणजे तिथला सत्ताधीश, चार्ल्स याचा चर्चमध्ये खून झाला आणि विल्यम क्लिटो नवा काउंट झाला. सरदार एकेक करून त्याच्यापुढे आले. काउंटने विचारलं, तू पूर्णपणे माझा माणूस होऊ इच्छितोस का? सरदार म्हणाला, इच्छितो. त्याने आपले जोडलेले हात काउंटच्या दोन्ही हातांत दिले आणि चुंबनाने दोघं बांधले गेले. हे झालं होमेज. मग त्याने इमान राखण्याचा शब्द दिला आणि संतांच्या अवशेषांवर हात ठेवून शपथ घेतली. ही फीअल्टी. सगळ्यांत शेवटी काउंटने हातातल्या छडीने जमिनीचे हक्क त्यांना बहाल केले.

इंग्लंडमध्ये 15व्या शतकातला न्यायाधीश टॉमस लिटलटन याने हा फरक फार काटेकोर मांडला आहे. होमेज गुडघे टेकून, बोडक्या डोक्याने, हात धन्याच्या हातांत देऊन करायचं. फीअल्टीला गुडघे टेकायचे नाहीत, धर्मग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायची. होमेज धन्यानेच घ्यायला हवं. फीअल्टी त्याचा कारभारीही घेऊ शकतो. आणखी एक बारकावा मला फार बोलका वाटतो: धर्मगुरूने 'मी तुमचा माणूस होतो' म्हणायचं नाही, कारण तो आधीच देवाचा झालेला असतो. स्त्रीनेही तसं म्हणायचं नाही, कारण ती फक्त नवऱ्याची. दोघांनीही 'मी तुम्हाला होमेज देतो' किंवा 'देते' एवढंच म्हणायचं. म्हणजे होमेजमध्ये माणूस स्वतःला देत होता, फीअल्टीत शब्द देत होता.

इमानात नेमकं काय येतं? साधारण 1020 मध्ये शार्त्रचा बिशप फुल्बेर याने अक्वितेनच्या ड्यूकला पत्रातून याचं उत्तर दिलं. धन्याच्या शरीराला, गडांना आणि गुपितांना, न्यायाधिकाराला, मालमत्तेला अपाय करायचा नाही, त्याचं सोपं काम अवघड करायचं नाही आणि शक्य काम अशक्य करायचं नाही. एवढंही पुरत नाही, सल्ला आणि मदत द्यायची. पुढचं वाक्य माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं: धन्यानेही हे सगळं तसंच पाळायचं, नाहीतर तोही बेइमान ठरतो. त्यामुळे याला 'स्वामिनिष्ठा' म्हणणं मला पटत नाही. त्या शब्दात धन्याची बाजू येतच नाही.

पुढे घोटाळा असा झाला की एकेका सरदाराने अनेक धन्यांकडून जमिनी घेतल्या. दोन धन्यांत लढाई जुंपली तर त्याने कुणाकडे जायचं? त्यातून 'लीज होमेज' आलं: सगळ्यांच्या आधी ज्याचं ऐकायचं तो एक मुख्य धनी. 'लीज' शब्द लॅटिन 'लिगारे', म्हणजे बांधणे, याच्याशी जोडायचा मोह होतो, पण बरेच अभ्यासक जर्मन 'लेडिग'कडे बोट दाखवतात, म्हणजे मोकळा. इतर बांधिलक्यांतून मोकळा, असा त्याचा अर्थ लागतो.

या एका शब्दावर राज्यं भांडली. इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड नैऋत्य फ्रान्समधल्या ग्वियेनच्या जहागिरीपुरता फ्रान्सच्या राजाचा सरदार होता. जून 1329 मध्ये आमिएँला त्याने सहाव्या फिलिपला होमेज दिलं, पण ते लीज होमेज आहे हे मान्य केलं नाही. कारण ते मान्य केलं तर फ्रान्सच्या शत्रूंशी सलोखा ठेवणंसुद्धा बेइमानी ठरलं असतं. 1331 मध्ये त्याला ते लेखी मान्य करावं लागलं. 1337 मध्ये फिलिपने सरदार कर्तव्याला चुकला म्हणून ग्वियेन जप्त केलं आणि इंग्लंड-फ्रान्समधल्या शंभर वर्षांच्या युद्धाला तोंड फुटलं.

1911 च्या दिल्ली दरबारात आपल्या संस्थानिकांनी पाचव्या जॉर्जपुढे जे केलं त्यालाही इंग्रजांनी होमेजच म्हटलं. सयाजीराव गायकवाड नीट न लवता पाठ फिरवून परतले म्हणून गहजब झाला, तो याच प्रसंगी. पण हातांत हात देणं, दोन्ही बाजूंनी शब्दाने बांधलं जाणं यातलं तिथे काही नव्हतं. तिथल्या 'होमेज'ला मराठीत 'मुजरा' म्हणायला माझी हरकत नाही.