थिबाराजाच्या वाड्यात काय बघायचं?

प्रश्न : काका, डिसेंबरात आम्ही गणपतीपुळ्याला जातोय. येताना रत्नागिरीत थिबा पॅलेस बघायचं माझ्या मनात आहे, पण दीर म्हणतात, 'आत काही नाही, नुसत्या रिकाम्या खोल्या.' सातवीतला मुलगा बरोबर आहे. वाट वाकडी करावी का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : जरूर करा. दिरांचं म्हणणं खोटं नाही. सिंहासन, जडजवाहीर शोधायला गेलात तर हिरमोड होईल. पण हा वाडा राजानं बांधलेला नव्हेच. इंग्रजांनी आपल्या कैद्यासाठी बांधलेलं ते घर. मुलाला एवढं सांगा आणि मगच आत न्या.

१८८५च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं, तेव्हा ब्रह्मदेशाचा राजा थिबा २६ वर्षांचा होता. पुढच्या एप्रिलात त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. इथं आगगाडी नव्हती, पावसाळ्यात बोटीही बंद. २४ वर्षं दुसऱ्या बंगल्यांत काढल्यावर १९१०मध्ये हा वाडा मिळाला आणि १९१६च्या डिसेंबरात तो वारला. म्हणजे इथं जेमतेम सहा वर्षं.

भिंती आपल्या जांभ्याच्या, उतरती छपरं, कोरीव लाकडाच्या अर्धगोल खिडक्या. मी इतिहास शिकवायचो तेव्हा वर्गाला त्या खिडक्यांपाशी न बोलता उभं करायचो. ३० वर्षं घरी जाता न आलेला माणूस इथून बाहेर बघत असेल, हे पोरांना आपोआप कळायचं.

तिथून शिवाजीनगरातल्या समाधीवर जा, ती चुकवू नका. राणी सुपयालातला नवऱ्याचा देह मायदेशी न्यायचा होता. सरकारनं परवानगी दिली नाही. दोन वर्षांहून जास्त काळ शवपेटी वाड्याच्या आवारातच राहिली. शेवटी १९१९मध्ये राणीचा विरोध डावलून दफन उरकलं, आणि मग कुटुंबाला परत पाठवलं.

थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीला आली. वाड्यावरच्या मराठी नोकरापासून तिला मुलगी झाली होती, टूटू. ही हकीकत काही जण चवीनं सांगतात, मला ते सोसत नाही. टूटू इथंच वाढली, इथंच संसार केला, गरिबीत म्हातारी झाली. मंडालेच्या राजाची ही नात मराठी बोलायची. मुलाला तिच्याबद्दल नक्की सांगा.