दवाखान्याचा फोन साताऱ्याहून, टिपणं एआयकडून : डॉक्टरांचे प्रश्न

दादरला माझा दवाखाना आहे, दिवसाला साठेक पेशंट. फोन सतत वाजतो. कंपाउंडरने केसपेपर काढायचे की फोन घ्यायचे? घरून काम करणारी मदतनीस ठेवू की चॅटबॉट बसवू?

एवढ्यात दोन्ही नको. सोमवार ते शनिवार काउंटरवर एक वही ठेवा. प्रत्येक फोनला एक ओळ : वेळ, कशासाठी, किती मिनिटं. सहा दिवसांनी पाहिलंत तर बरेचसे फोन त्याच त्या गोष्टींसाठी असतात : डॉक्टर आलेत का, कितवा नंबर चालू आहे, फी किती, रिपोर्ट दाखवायला कधी येऊ. फी आणि वेळा सांगायला व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या मोफत अ‍ॅपमधले ठरलेले मेसेज पुरतात. ‘कितवा नंबर’ला मात्र माणूस हवा, कारण मध्येच तापाने फणफणलेलं मूल आत घ्यावं लागतं आणि सगळी रांग सरकते.

या कामासाठी सातारा-नाशिककडची मदतनीस सकाळ-संध्याकाळच्या ओपीडीपुरती, तासांवर ठेवता येते. तिची खरी किंमत जुलैत कळते : लोकल बंद, कंपाउंडर कुर्ल्याला अडकलेला, तरी पेशंटना फोन करून वेळा पुढे ढकलणारं कुणीतरी जागेवर असतं. मात्र घरी इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं सिम आहे का, हे ठेवतानाच विचारा. वीज तिकडेही जाते.

तिला नेमकं काय काय उघडून द्यायचं?

सरसकट पासवर्ड देऊ नका. सॉफ्टवेअरमध्ये तिच्या नावाचं वेगळं लॉगिन काढा. त्यात अपॉइंटमेंट दिसावी, केसपेपर नाही. डाउनलोड आणि एक्स्पोर्ट बंद ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपवर बहुतेक जण फसतात. मुख्य फोनला आणखी चार उपकरणं जोडता येतात, पण जोडलेल्या उपकरणावर सगळीच चॅट दिसतात : पुरळाचे फोटो, गर्भपाताची चौकशी, सगळं. म्हणून अपॉइंटमेंटचा नंबर वेगळा आणि रिपोर्टचा वेगळा ठेवा, आणि मदतनिसाकडे फक्त पहिला जोडा. सिम दवाखान्यातच राहू द्या. तो फोन ड्रॉवरमध्ये पडून राहिला आणि चौदा दिवस वापरला नाही, तर जोडलेली उपकरणं आपोआप लॉग आउट होतात. मग ‘सिस्टिम बिघडली’ म्हणून धावपळ.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार माहिती कुणाकडूनही हाताळून घ्या, जबाबदारी तुमची. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. दवाखान्याला कुणी तेवढा लावेल असं नाही, पण लेखी करार आणि काम सोडल्याच्या दिवशीच लॉगिन बंद, एवढं तरी हवंच.

एआय बोलणं ऐकून केसपेपर लिहून देतं म्हणे. आमच्याकडे पेशंट अर्धं मराठी, अर्धं हिंदी बोलतात. भरवसा ठेवावा का?

मसुद्यापुरता. कुठे घसरतं ते माहीत असेल तर वेळ खरंच वाचतो.

पहिली घसरण आकड्यांची. दीड, अडीच, पाऊण हे शब्द यंत्राला नीट पचत नाहीत. ‘दीड गोळी’ची एक गोळी होऊ शकते. फिफ्टीन आणि फिफ्टी यांत माणसाचीही गल्लत होते. दुसरी दिवसांची. ‘परवा’ म्हणजे गेलेला की येणारा? हिंदीतल्या ‘कल’चं तेच. ताप परवापासून आहे आणि परवा दाखवायला या, ही दोन्ही वाक्यं एकाच भेटीत येतात. तिसरी नकाराची : ‘छातीत दुखत नाही’मधलं ‘नाही’ पंख्याच्या आवाजात हरवलं की नोंद उलटी होते. चौथी, बोलणारा कोण? सूनबाईंच्या पोटदुखीबद्दल सासूबाई बोलतात आणि मध्येच स्वतःची शुगर सांगतात; ती शुगर सुनेच्या कागदावर चढते.

सगळ्यांत घातक पाचवी. तुम्ही स्टेथोस्कोप लावलाच नाही, तरी मसुद्यात ‘छाती स्वच्छ’ असं येऊ शकतं, कारण अशा नोंदींत ते वाक्य नेहमी असतं. म्हणून तपासणीचा भाग यंत्राला आपल्या मनाने लिहू देऊ नका; तपासताना निष्कर्ष मोठ्याने बोला, किंवा तो रकाना हाताने भरा.

क्रम असा ठेवा : रेकॉर्डिंगआधी पेशंटची परवानगी घ्या आणि ती नोंदवा, पेशंट खुर्चीतून उठायच्या आत डोस, ॲलर्जी, डावं-उजवं, नकार आणि पुढची तारीख या पाच जागा वाचा, मगच सही. संध्याकाळी एकदम साठ मसुदे वाचायचे ठरवलंत तर एकही वाचला जाणार नाही. आणि २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत : एआयने पेशंटला सल्ला द्यायचा नाही, औषध लिहून द्यायचं नाही. डॉक्टरला मदत करायला हरकत नाही.

बोरिवलीत आमचं छोटं नर्सिंग होम आहे. कॅशलेसच्या, म्हणजे बिल थेट विमा कंपनीने भरायच्या, फायली कंपनीकडून प्रश्न लावून परत येतात. हे काम बाहेर देता येईल?

हे तर आधी द्या. विमा नियामकाच्या २०२४च्या परिपत्रकानुसार कंपनीने कॅशलेसच्या विनंतीवर तासाभरात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. पण फाईल अर्धवट गेली की प्रश्नोत्तरांतच दिवस जातो. नेहमीचे अडथळे : आधार आणि पॉलिसीवर नावाचं स्पेलिंग वेगळं, पहिल्या केसपेपरवर त्रास किती दिवसांपासून ते लिहिलेलं नाही, बीपी-शुगर कधीपासून याचा उल्लेख नाही, इम्प्लांटचं स्टिकर फाईलला लावायचं राहिलं, डिस्चार्ज कार्ड आणि बिलावरच्या तारखा जुळत नाहीत. तारखा ताडून पाहणं एआयला चांगलं जमतं. स्कॅनवरची नावं झाकून द्या; ती ताडणं माणसाकडेच ठेवा. राहिलेल्या कागदासाठी वॉर्डातल्या सिस्टरच्या मागे लागणं मदतनिसाचं काम.

एक मात्र पक्कं सांगून ठेवा : ‘दोन वर्षांपासून’ लिहिलंय, ते मंजुरीसाठी ‘दोन महिन्यांपासून’ करायचं नाही. गोडीगुलाबीने असली सूचना कुणीही करेल, एआयसुद्धा. ती फसवणूक आहे आणि सही डॉक्टरची असते.

सोनोग्राफी सेंटरचा फॉर्म एफ, म्हणजे गरोदर बाईच्या सोनोग्राफीची सक्तीची नोंद, मदतनिसाने भरला तर?

नको. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यात नोंदीतली त्रुटीसुद्धा, उलट सिद्ध होईपर्यंत, उल्लंघन धरली जाते. फॉर्म सेंटरवर, पेशंटसमोर आणि त्याच दिवशी भरा. पुढच्या महिन्याच्या पाच तारखेच्या अहवालाची आठवण मदतनिसाने करावी, इतकंच.

रात्री अकराला ‘छातीत दुखतंय’ असा मेसेज आला तर?

ऑटोमॅटिक मेसेजची पहिलीच ओळ अशी असू द्या : तातडीचं असेल तर इथे वाट पाहू नका, १०८ला फोन करा किंवा जवळच्या हॉस्पिटलला जा. ‘मेसेज मिळाला, लवकरच संपर्क करू’ हे वाक्य रात्रीपुरतं काढून टाका. त्याच्या भरवशावर माणूस घरी बसून राहतो. छाती, श्वास, रक्तस्राव, झटका, बेशुद्ध हे शब्द मदतनिसाच्या टेबलावर लिहून चिकटवा. ते दिसले की तिने काही सुचवायचं नाही. हीच ओळ सांगायची, फोन लावायला लावायचा आणि तुम्हाला उठवायचं.