अनट्राइड कॅप्टन म्हणजे नक्की कसला कॅप्टन?

प्रश्न : क्रिकेटवरच्या एका इंग्रजी लेखात 'अनट्राइड कॅप्टन' असं होतं. मोबाइलवर भाषांतर केलं तर 'प्रयत्न न केलेला कर्णधार' आलं, घरात सगळे हसले पण नीट अर्थ कुणालाच सांगता येईना. अनट्राइड आणि अनटेस्टेड एकच का हो? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ताई, मोबाइलला काय दोष द्यायचा, आपणही शाळेत ट्राय म्हणजे प्रयत्न एवढंच घोकलंय. पण दुकानात आपण ड्रेस ट्राय करतो तेव्हा प्रयत्न कुठे करतो, तो बसतो का ते बघतो ना, तोच हा ट्राय. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये भट्टीतून काढलेल्या चांदीला 'ट्राइड' म्हटलंय, म्हणजे अगदी आपलं तावून-सुलाखून निघालेलं.

तर जे अजून तावलंच नाही ते अनट्राइड. माणूस असेल तर नवखा म्हणा, पद्धत किंवा वस्तू असेल तर न आजमावलेली. यात वाईट आहे असं कुणी म्हणत नाहीये, फक्त अजून कळलेलं नाही. २००७ च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपला सचिन, द्रविड, गांगुली नव्हते आणि कॅप्टन्सी धोनीकडे आली तेव्हा तो अनट्राइड कॅप्टनच होता. फायनलची शेवटची ओव्हर त्याने जोगिंदर शर्माला दिली, पाकिस्तानला १३ हवे होते, आणि आपण ५ रनांनी जिंकलो. (जोगिंदरला मात्र मी अनट्राइड म्हणणार नाही, सेमीफायनलची शेवटची ओव्हरही त्यानेच टाकली होती.)

अनटेस्टेड जरा वेगळं, तिथे रीतसर चाचणी झालेली नसते, म्हणून औषध, मशीन, सॉफ्टवेअर यांना ते जास्त शोभतं. अर्थात बोलताना लोक दोन्ही सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, 'अनट्राइड अँड अनटेस्टेड' अशी जोडीच आहे. खरा घोळ होतो तो अनप्रूव्हनशी. आजीचा सर्दीवरचा काढा घ्या, चार पिढ्या पितायत, त्याला अनट्राइड कसं म्हणणार? पण त्यानेच सर्दी गेली की ती आपोआपच जाणार होती याचा पुरावा नसेल तर तो अनप्रूव्हन. आमच्या घरी हे मोठ्याने बोलायची सोय नाही.

आणि हो, ट्राय म्हणजे खटला चालवणं पण. म्हणून ब्रिटनमध्ये ज्याचा खटला अजून चाललेला नाही तो 'अनट्राइड प्रिझनर'. आपल्याकडचे इंग्रजी पेपर अंडरट्रायल लिहितात आणि मराठीत तो कच्चा कैदी.