रंगसूत्रातला रंग कोणाचा?

फुलपाखरांवर लेख लिहिणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे : पेशीच्या केंद्रकातल्या, आनुवंशिक गुण वाहणाऱ्या धाग्याला 'रंगसूत्र' लिहू की 'गुणसूत्र'? आणि पंखांचे रंग ठरवतं म्हणून रंगसूत्र, असं म्हटलं तर चालेल का?

दुसरं आधी. नाही चालणार. हा रंग पंखावरचा नव्हे, काचपट्टीवरचा आहे. पेशीला रंग दिला की केंद्रकातला हा भाग तो चटकन धरतो. तेवढ्यावरून वाल्डायर या जर्मन संशोधकाने १८८८ साली ग्रीक 'क्रोमा' म्हणजे रंग आणि 'सोमा' म्हणजे शरीर जोडून 'क्रोमोसोम' शब्द केला. मराठीने रंग ठेवला आणि शरीराचं सूत केलं. 'गुणसूत्र'मध्ये तो रंगही गेला. मी 'गुणसूत्र'च लिहितो, नेमका तुमचा झाला तो घोटाळा टाळायला.

'सूत्र' मात्र फुलपाखराला फारसं शोभत नाही. विभाजनाच्या मध्यावस्थेत त्याची गुणसूत्रं अनुस्वार सांडावेत तशी दिसतात, टिंबं टिंबं. पाठ्यपुस्तकातल्या चित्रासारखी आवळलेली कंबर कुठे नाही, कारण ओढणारे तंतू एकाच जागी न धरता लांबीभर धरतात. म्हणून 'गुणसूत्रबिंदू' हा त्या कंबरेच्या जागेचा शब्द तुमच्या लेखात नको. याच पकडीमुळे गुणसूत्र तुटलं तरी तुकडा विभाजनात सहसा हरवत नाही. फुलपाखरांत ३१ जोड्या सर्वाधिक आढळतात, पण अ‍ॅटलास पर्वतातल्या 'अ‍ॅटलास ब्लू'मध्ये २२९ जोड्या आहेत! 'वुड व्हाइट' तर एकच जाती, तरी स्पेनमध्ये १०६ गुणसूत्रं आणि कझाकस्तानात ५६.

आता खरी अडचण. 'अर्धगुणसूत्र' म्हणजे एका गुणसूत्राच्या दोन जुळ्या प्रतींपैकी एक, आणि 'अर्धगुणसूत्री विभाजन' म्हणजे संख्या निम्मी करणारं विभाजन. शब्द सख्खे, अर्थांचा संबंध नाही. एरवी निभावतं. पण वुड व्हाइटच्या, संख्या न जुळणाऱ्या गटांच्या संकरात हे विभाजन उलट्या क्रमाने होताना दिसलंय : आधी जुळ्या प्रती वेगळ्या होतात, आईबापांकडून आलेले सजातीय जोडीदार नंतर. हे सांगताना एकाच वाक्यात दोन्ही 'अर्ध' आले की वाचक गडबडलाच. तिथे 'जुळ्या प्रती' आणि 'उलट अर्धसूत्री विभाजन' लिहा. 'अनियमित विभाजन' नको. तो शब्द कर्करोगाच्या पेशीलाही लावतात, आणि इथे तर क्रम उलटूनही हे संकर प्रजननक्षम राहिले.