टॅरो शिकताना : वाचकांचे प्रश्न

टॅरो म्हणजे चित्रांची कार्डं काढून त्यांवरून अर्थ लावणं. त्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी नवशिक्यांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. कार्डांची नावं डेकवर (कार्डांच्या संचावर) छापलेली असतात तशीच ठेवली आहेत, म्हणजे डेक समोर ठेवून वाचता येईल.

प्रश्न : ऑनलाइन डेक मागवला. त्यातल्या कप्सच्या कार्डांवर नुसते पेले मांडलेत, माणसं नाहीत, प्रसंग नाही. यातून अर्थ कसा काढायचा? शिवाय पहिला डेक स्वतः घेऊ नये, कुणीतरी भेट द्यावा लागतो म्हणतात, ते खरं का? (नाशिक)

उत्तर : तुमच्याकडे मार्सेय पद्धतीचा डेक आला आहे. हा जुना प्रकार. त्यात एक्का ते दहा या कार्डांवर फक्त चिन्हं असतात. डेक वाईट नाही, पण नवशिक्याला तो जड जातो. आधी रायडर-वेट-स्मिथ घ्या. 1909 साली लंडनमध्ये निघालेल्या या डेकसाठी पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने सगळ्या अंकी कार्डांवरही प्रसंग रंगवले. बहुतेक पुस्तकं आणि क्लास याच चित्रांवर चालतात. पुस्तक एका पद्धतीचं आणि डेक दुसऱ्या पद्धतीचा असला की पहिला घोळ आठ आणि अकरा क्रमांकावर होतो : मार्सेयमध्ये 8 म्हणजे जस्टिस आणि 11 म्हणजे स्ट्रेंग्थ, रायडर-वेटमध्ये नेमकं उलट.

डेक हातात आला की मोजा. 22 मेजर अर्काना (डेथ, जस्टिस अशी स्वतंत्र नावांची कार्डं) आणि 56 मायनर (पत्त्यांसारखी चार रंगांची), एकूण 78. जाहिरातीचं किंवा नावाचं एखादं जास्तीचं कार्ड असेल तर बाजूला काढा. मागची बाजूही तपासा. नक्षी डोक्याकडून आणि पायाकडून सारखी नसेल, किंवा कडेची पट्टी एकीकडे जाड नि एकीकडे बारीक कापली गेली असेल, तर कार्ड उलटं आहे हे पाठीवरूनच कळतं आणि निवडताना नकळत हात तिकडे जातो किंवा टाळतो. नेहमीचा आकार साधारण 70 बाय 120 मिलिमीटर असतो. हात लहान असेल तर पिसताना कार्डं निसटतात, त्यापेक्षा पॉकेट आकार बरा.

भेटीच्या नियमाला काही आधार नाही. चित्रं स्वतः पाहून निवडलेला डेक जास्त वापरला जातो.

प्रश्न : रोज एक कार्ड काढून अर्थ पाठ करते आहे. दोन महिने झाले, तरी अर्धी कार्डं अनोळखीच वाटतात. स्मरणशक्ती कमी पडते आहे का? (मिरज)

उत्तर : स्मरणशक्तीचा दोष नाही, पद्धतीचा आहे. काढलेलं कार्ड तुम्ही परत डेकमध्ये मिसळत असाल, तर हिशेबाने 60 दिवसांत सरासरी 42 वेगवेगळीच कार्डं समोर येतात; पूर्ण 78 दिवसांनीसुद्धा साधारण 50. बाकीची तुम्ही पाहिलेलीच नाहीत. शिकण्यापुरता नियम बदला : काढलेलं कार्ड वेगळ्या गठ्ठ्यात ठेवा, परत मिसळू नका. 78 दिवसांत प्रत्येक कार्ड एकदा होईल.

दुसरं, 78 अर्थ सुटे सुटे पाठ करू नका. एका रविवारी फरशीवर सतरंजी टाका आणि अंकी कार्डं चार ओळींत मांडा. वाँड्स (काठ्या), कप्स (पेले), स्वोर्ड्स (तलवारी), पेंटॅकल्स (नाणी) अशा आडव्या ओळी, एक्का ते दहा उभे स्तंभ. आता पाचचा स्तंभ वरून खाली पाहा. वाँड्समध्ये पाच पोरं काठ्या घेऊन एकमेकांत गुंतली आहेत. कप्समध्ये काळ्या झग्यातला माणूस सांडलेल्या तीन पेल्यांकडे पाहतो आहे, पाठीमागे दोन पेले उभे आहेत ते त्याला दिसत नाहीत. स्वोर्ड्समध्ये एक जण हसत तलवारी गोळा करतो आहे आणि दोघे पाठ फिरवून निघाले आहेत. पेंटॅकल्समध्ये बर्फात दोन फाटके जीव उजळलेल्या खिडकीखालून चालले आहेत. चौघांतही घडी विस्कटली आहे, पण कुठे चढाओढीत, कुठे भावनेत, कुठे शब्दांत, कुठे पैशाअडक्यात. लगेच शेजारचा चारचा स्तंभ पाहा : तिथे थांबणं आहे. झोपलेला योद्धा, नाणी कवटाळून बसलेला माणूस, झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला तरुण, फुलांची कमान. असे दहा अंक आणि चार रंग समजले की चाळीस कार्डांची पाठांतराची गरज संपते. पुस्तक उघडायचं ते यानंतर.

वहीत प्रत्येक कार्डाला तीन ओळी पुरेत : चित्रात काय दिसतं, त्यावरून काय वाटलं, रात्री दिवसाशी काय जुळलं. न जुळलेलंही लिहा. ते गाळलं की आपलं वाचन नेहमी बरोबरच येतं असा भ्रम तयार होतो, आणि पुढे दुसऱ्यासाठी वाचताना तोच महागात पडतो.

पेज, नाइट, क्वीन, किंग ही सोळा कार्डं शेवटी घ्या, ती सगळ्यांनाच अवघड जातात. जुन्या पुस्तकांत केस नि डोळ्यांच्या रंगावरून कार्ड कोणत्या माणसाचं हे ठरवतात. आपल्याकडे बहुतेकांचे केस काळे, तेव्हा ते सोडून द्या. वागण्याची तऱ्हा म्हणून वाचा : पेज शिकतो, नाइट धावतो, क्वीन आतून सांभाळते, किंग बाहेरून चालवतो.

प्रश्न : एकच कार्ड आठवड्यात तीनदा आलं. हा काही संकेत समजावा का? (डोंबिवली)

उत्तर : आधी पिसणं तपासा. डेक हातात धरून मूठमूठ उपसत पिसलं तर कार्डांचे झुबके तसेच राहतात, आणि नवा डेक तर क्रमानेच लावून येतो. 52 पत्त्यांचा कॅट दोन भाग करून एकमेकांत गुंफत पिसला तर नीट मिसळायला सात फेऱ्या लागतात, हे गणिताने दाखवलं आहे. 78 कार्डांना आठ-नऊ धरा. असं पिसताना कार्डं वाकतील अशी भीती असेल तर सगळी पालथी करून मोठ्या टेबलावर पसरा, दोन्ही तळव्यांनी मिनिटभर गोल गोल फिरवा आणि गोळा करा. काल काढलेलं कार्ड सगळ्यात वर ठेवून डेक बंद करण्याची सवय अनेकांना असते, तीही मोडा.

नीट पिसूनही रोज एक कार्ड काढलं, तर चारांतल्या एका आठवड्यात एखादं कार्ड दुसऱ्यांदा येतंच. तीनदा येणं मात्र बहुतेक वेळा कच्च्या पिसण्याचं लक्षण असतं.

प्रश्न : ‘नोकरी मिळेल का?’ असं विचारून तीन कार्डं काढली : एट ऑफ पेंटॅकल्स, टू ऑफ स्वोर्ड्स, पेज ऑफ वाँड्स. हो की नाही तेच कळेना, म्हणून आणखी चार काढली. गोंधळ वाढला. (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : दोन गोष्टी राहिल्या. प्रश्न हो-नाहीचा होता, आणि कार्डं काढण्याआधी जागा ठरवल्या नव्हत्या. नोकरी देणारा कोणता निर्णय घेईल हे कार्डांवर छापलेलं नसतं. तुमच्या हातातलं काय आहे ते विचारा, आणि तीन जागा कागदावर लिहून ठेवा : माझ्याकडे काय आहे, मी काय टाळतो आहे, पुढच्या मुलाखतीआधी काय करून पाहू.

आता तीच कार्डं वाचा. पहिल्यात कारागीर मान खाली घालून नाण्यावर ठाशीव काम करतो आहे, तयार नाणी शेजारी टांगली आहेत, गाव मागे दूर आहे. काम येतं, पण ते लोकांपर्यंत गेलेलं नाही. दुसऱ्यात डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या बाईने दोन तलवारी छातीशी आडव्या धरल्या आहेत. कोणता निर्णय लांबवला आहे? दोन वेगळ्या क्षेत्रांत अर्ज करत आहात का? नकार का आला हे विचारायचं टाळलं आहे का? तिसऱ्यात पोर पालवी फुटलेल्या काठीकडे टक लावून उभं आहे. नवशिक्यासारखं सरावाला उतरा, ओळखीच्या माणसासमोर मुलाखत देऊन पाहा. एवढं वाचन पुरे.

खुलाशासाठी जास्तीची कार्डं काढत राहणं ही फार लवकर जडणारी खोड आहे. मनासारखं येईपर्यंत हात थांबत नाही आणि मूळ तीन कार्डं न वाचताच राहतात. एका प्रश्नाला एकदाच कार्डं. परिस्थिती खरोखर बदलली तरच पुन्हा. केल्टिक क्रॉस ही दहा कार्डांची मांडणी एवढ्यात नको. तीन कार्डं एका वाक्यात जोडता येईनात तोवर दहा पेलत नाहीत.

प्रश्न : उलट्या कार्डांचे अर्थ वेगळे शिकावेत का? (फोंडा)

उत्तर : पहिल्या फेरीत सगळी सरळ ठेवा. नंतर उलटं कार्ड म्हणजे तोच अर्थ अडलेला, लांबलेला किंवा आत वळलेला, एवढं धरा. 78 नवे अर्थ लागत नाहीत.

प्रश्न : जाऊबाईंनी सासूबाईंच्या आजारपणासाठी कार्डं काढायला लावली आणि डेथ आलं. सगळे घाबरले आहेत. (सातारा)

उत्तर : त्यांना हा आकडा सांगा : नीट पिसलेल्या डेकमधून दहा कार्डं काढली तर साधारण आठांतल्या एका वेळी डेथ येतं. त्याचा कुणाच्या आयुष्याशी संबंध नाही. चित्रात पांढऱ्या घोड्यावरच्या सांगाड्यामागे दोन मनोऱ्यांमध्ये सूर्य आहे. कार्ड एखादा टप्पा संपण्याबद्दल बोलतं. पण मुळात आजार, गर्भारपण, कोर्टाचा निकाल यांवर कार्डं काढू नका, कितीही आग्रह झाला तरी. जाऊबाईंना काळजीत आधार हवा असेल तर ‘सेवा करताना मी स्वतःला कशी सांभाळू’ हा प्रश्न घ्या, तोही त्यांच्याच नावाने. सासूबाईंचं डॉक्टरांवर सोडा.

प्रश्न : घरी सावंतवाडीची दशावतारी गंजिफा (जुन्या पद्धतीचे रंगवलेले पत्ते) आहे. तिच्यावर टॅरो वाचता येईल का? (कुडाळ)

उत्तर : रचना जुळत नाही. तिच्यात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा, अशी 120 पानं असतात, आणि मेजर अर्कानासारखा वेगळा गट नसतो. टॅरोही मुळात पंधराव्या शतकातल्या उत्तर इटलीतला पत्त्यांचा खेळच. भविष्यासाठीचा वापर अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रुळला. सरावाला घरगुती काही हवं असेल तर साधा कॅट चालेल : बदाम म्हणजे कप्स, इस्पिक म्हणजे स्वोर्ड्स, चौकट म्हणजे पेंटॅकल्स, किलवर म्हणजे वाँड्स, आणि गुलाम म्हणजे पेज. चार नाइट आणि सगळे मेजर तेवढे नसतील. गंजिफा खेळायलाच काढा, आणि लाखेचं काम असेल तर तिला पाण्याचा हात लावू नका.